हेन्री फोर्ड : सर्वसामान्यांच्या गाडीचा बाप

गाडी हा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गप्पा रंगतात. पण त्या गप्पांमध्ये गाड्या कुठल्या असतात? फेरारी, लॅम्बोर्गिनी, फार तर बीएमडब्ल्यू. ज्या गाडीतून अॅडमिशनच्या दिवशी आईबाबा आपल्याला गादी-बादलीसकट इथे सोडून गेले, त्या गाडीबद्दल कुणीच बोलत नाही. घरातली पाच माणसं मावतील, डिकीत सामान बसेल, खिशाला परवडेल आणि बंद पडली तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होईल, अशी साधी गाडी! ती लाखोंच्या संख्येने बनवून सामान्य माणसाच्या दारात आणून उभी करणारा माणूस म्हणजे हेन्री फोर्ड.

आता तुम्ही म्हणाल, फोर्ड माहीत नाही असा इंजिनीअर कोण आहे? असेंब्ली लाइनवर टीप लिहा असं पेपरात आलं की आपण सगळेच त्याच्या नावावर चार मार्क मिळवतो. मलाही तो तेवढाच माहीत होता. त्याचं चरित्र मी वाचायला घेतलं ते एका घरगुती कारणाने. ते कारण पुढे येईलच.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात. वडील विल्यम आयर्लंडहून आलेले. पोराने शेती पुढे चालवावी अशी त्यांची इच्छा. पण पोराचं लक्ष पिकात कमी आणि अवजारांच्या नटबोल्टात जास्त! हातात आलेलं घड्याळ उघडायचं आणि पुन्हा जोडायचं हा त्याचा नाद. पुढे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करून द्यायला लागला. १८७६ साली आई गेली. त्याच वर्षी त्याने रस्त्यावरून आपल्या आपण चालत येणारं वाफेचं इंजिन पाहिलं. पुढे घोडा नाही, खाली रूळ नाहीत, तरी चालतंय! तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते चित्र जे बसलं ते कायमचंच. १८७९ साली तो डेट्रॉइटला जाऊन मशीन शॉपमध्ये उमेदवारी करू लागला. डिग्री नाही, डिप्लोमा नाही, सबमिशन तर नाहीच नाही.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. १८९१ पासून तो डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरीला होता आणि १८९३ मध्ये तिथे चीफ इंजिनीअर झाला. दिवसा नोकरी, रात्री स्वतःचं इंजिन. १८९३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपलं पहिलं इंजिन थेट स्वयंपाकघरातल्या सिंकवर बसवलं. घरात सणाची गडबड, दीड महिन्याचा एड्सेल, आणि क्लारा इंजिनात थेंब थेंब पेट्रोल सोडत उभी! इंजिन चाललं. त्यानंतर अडीच वर्षांनी, ४ जून १८९६ च्या पहाटे, सायकलची चार चाकं लावलेली त्याची पहिली गाडी तयार झाली आणि मग लक्षात आलं की ती शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही. शेवटी कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा पाडाव्या लागल्या. प्रोजेक्टमध्ये क्लिअरन्स विसरणाऱ्यांनी यापुढे मनाला लावून घेऊ नये!

ही गाडी त्याने २०० डॉलरला विकली आणि काही वर्षांनी सुमारे ६५ डॉलर देऊन परत विकत घेतली. म्हणजे फोर्डची पहिलीवहिली गाडी सेकंड हँड झाली आणि तिची किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोर्डला यश काही पटकन मिळालं नाही. १८९९ मध्ये काढलेली पहिली कंपनी १९०१ मध्ये बंद पडली. दुसरी कंपनी त्याच्याच नावाची होती, पण भांडवलदारांशी पटेना म्हणून १९०२ मध्ये तोच बाहेर पडला. त्या कंपनीचीच पुढे कॅडिलॅक झाली. चाळिशीला टेकलेला, दोनदा आपटलेला हा माणूस १६ जून १९०३ रोजी तिसऱ्यांदा उभा राहिला. हीच ती फोर्ड मोटर कंपनी.

त्या काळात मोटार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं. फोर्डला मात्र शेतकऱ्याला, शिक्षकाला, दुकानदाराला घेता येईल अशी गाडी हवी होती. १ ऑक्टोबर १९०८ ला ती आली. मॉडेल टी, किंमत ८५० डॉलर. इंजिन चार सिलिंडरचं, २.९ लिटरचं, ताकद २० हॉर्सपॉवर, वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर. आकडे वाचून हसू येईल, पण डिझाइन बघा. स्टील व्हॅनेडियमचं, म्हणून वजन कमी असूनही गाडी दणकट. चारही सिलिंडर एका ब्लॉकमध्ये आणि वरचं हेड सुटं, म्हणजे साध्या मेकॅनिकलाही उघडून आत हात घालता येईल. अमेरिकेतल्या खेड्यांचे रस्ते तेव्हा चिखलाचे, म्हणून गाडी जमिनीपासून चांगली उंच. पार्ट गावोगावी मिळायचे. शेतकरी तर मागचं चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावायचे आणि करवत नाहीतर पंप चालवायचे. गमतीही होत्या. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला की ते इंजिनपर्यंत पोचायचंच नाही. मग लोक गाडी वळवून चक्क रिव्हर्समध्ये चढ चढायचे!

स्वस्त करायची तर भरपूर बनवायला हवी. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली. एक चासी जोडायला साडेबारा तास लागायचे, ते काही महिन्यांत दीड तासावर आलं. पण एकच नट दिवसभर आवळून माणसं कंटाळून पळून जायची. १४ हजार कामगार टिकवायला १९१३ मध्ये ५२ हजारांवर माणसं भरावी लागली! यावर त्याने जानेवारी १९१४ मध्ये जालीम उपाय काढला. कामाचे तास नवावरून आठ आणि मजुरी दिवसाला ५ डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त. अर्थात हे फुकट नव्हतं. कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे बघायला कंपनीची माणसं घरी यायची. आपले रेक्टरसर परवडले!

गाडीची किंमत मात्र घसरत गेली. १९१६ मध्ये सुमारे ३६० डॉलर आणि १९२५ च्या सुमारास सगळ्यात स्वस्त टी मॉडेल २६० डॉलर. १९१८ च्या आसपास अमेरिकेतल्या निम्म्या गाड्या फोर्ड टी होत्या.

आता ते घरगुती कारण. गेल्या वर्षी आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं. बजेट अडीच लाख, त्यात नवी गाडी येत नाही, म्हणजे सेकंड हँडच. मी मेकॅनिकलला, म्हणून बाबांनी निवडीची जबाबदारी माझ्यावर टाकली. मामाचं म्हणणं, एवढ्या पैशात मोठी सेदान मिळते, ती घ्या, चार लोकांत उठून दिसते. दादाला सनरूफ हवं होतं. बाबा फक्त अॅव्हरेज विचारत होते. मी मात्र वहीत वेगळेच प्रश्न लिहिले. पार्ट आमच्या तालुक्यात मिळतात का? क्लच प्लेट बदलायला किती लागतात? मालक किती झाले, सर्व्हिसची बिलं आहेत का, चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळतो का, कर्ज फिटल्याची नोंद झाली आहे का? टायर आणि बॅटरी लगेच बदलावी लागली तर तो खर्चही किमतीतच धरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजीला गुडघे न वाकवता आत बसता येतं का? शेवटी आठ वर्षं जुनी, एकाच मालकाच्या हातातली, जरा उंच सीटची छोटी गाडी घेतली आणि वीस हजार रुपये टायर-बॅटरीसाठी बाजूला ठेवले. मामा अजून नाराज आहे. आजी खूश आहे.

याच धावपळीत एका एजंटने आम्हाला जुनी फोर्ड दाखवली होती. फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं, पण त्यांच्या जुन्या गाड्या बाजारात अजून दिसतात. ती पाहून मला कुतूहल वाटलं आणि लायब्ररीतून मी फोर्डचं चरित्र काढलं. त्यात मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागात. मॉडेल टी जगात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त खपलेली, मग ती संपली कशी? तिला हरवण्यात मोठा हात होता तो सेकंड हँड गाडीचा!

झालं असं. १९२० नंतर अमेरिकेत पहिली गाडी घेऊन झालेली कुटुंबं वाढली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने हे ओळखलं. जुनी गाडी द्या, तिची किंमत धरून उरलेले पैसे हप्त्याने फेडा आणि नवी घेऊन जा, ही पद्धत जोरात सुरू झाली. या परत आलेल्या गाड्या डीलरकडे रांगेने उभ्या राहिल्या. आता ज्या कुटुंबाकडे तीनशे डॉलर आहेत त्याने काय घ्यावं? कोरी करकरीत टी, जिला दोनच गिअर, वर कापडी छप्पर आणि सेल्फ स्टार्टर हवा असेल तर जादा पैसे? की दोन-तीन वर्षं वापरलेली, पण काचा असलेली, बंद, बटणावर सुरू होणारी दुसरी गाडी? थंडीपावसात लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या आईने काय निवडलं असेल ते सांगायला नको. १९२७ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८५ टक्के बंद बॉडीच्या होत्या. स्लोनने पुढे आपल्या पुस्तकात हे गणित मांडलं आहे.

फोर्डला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणणार? टीला हँडल मारावं लागायचं आणि ते उलटलं तर मनगट मोडायचं. त्याची स्वतःची बायको क्लारा इलेक्ट्रिक गाडी चालवायची, कारण तिला हँडल मारावं लागत नसे! पुरावा घरातच उभा होता. मुलगा एड्सेल १९१९ पासून कंपनीचा अध्यक्ष होता, तोही बदल करा म्हणून मागे लागला होता. १९२६ मध्ये अर्नेस्ट कान्झलर या वरिष्ठ अधिकाऱ्याने टी बदलायला हवी असं लेखी कळवलं. त्याच वर्षी त्याला कंपनीतून जावं लागलं. अखेर २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी टी बाहेर पडली आणि लाइन थांबली. पुढचं मॉडेल तयारच नव्हतं. सहा महिने कारखाने बंद, हजारो कामगार घरी. डिसेंबरमध्ये मॉडेल ए आलं, चांगलं चाललंही, पण पहिल्यासारखं राज्य परत आलं नाही.

फोर्डची काळी बाजू लपवून चरित्र लिहिता येत नाही. त्याच्या मालकीच्या वर्तमानपत्राने १९२० च्या दशकात ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेखन छापलं. १९२७ मध्ये त्याने माफी मागितली, तरी १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीचा सन्मान स्वीकारला. ज्याने मजुरी दुप्पट केली त्याच्याच कारखान्यात युनियनवाल्यांना १९३७ मध्ये गुंडांकडून बेदम मारहाण झाली. युनियनशी करार व्हायला १९४१ उजाडलं. १९४३ मध्ये एड्सेल कॅन्सरने गेला. बाप-लेकातलं अंतर तसंच राहून गेलं.

हेन्री फोर्ड ७ एप्रिल १९४७ रोजी डिअरबॉर्नच्या आपल्या घरी वारला, वय ८३. त्या दिवशी नदीला पूर आल्याने घरचं वीजघर बंद पडलं होतं. वीज कंपनीचा एकेकाळचा चीफ इंजिनीअर मेणबत्त्यांच्या उजेडात गेला.

मला हा माणूस देव वाटत नाही आणि सैतानही वाटत नाही. १९०८ मध्ये तो आधी माणसाकडे बघत होता, त्याचा रस्ता, त्याचा खिसा, त्याच्या हातातला पाना. म्हणून टी झाली. १९२५ मध्ये तो फक्त टीकडे बघत होता. तीच टी, तेच स्टील, किंमत तर आणखी कमी, तरी गणित चुकलं. उद्या आपल्यातलं कुणी टाटा-महिंद्राच्या डिझाइन ऑफिसात बसेल, कुणी घरासाठी जुनी गाडी बघत हिंडेल. स्पेसिफिकेशनचा कागद दोघांकडेही असेल. पण कागद वाचायच्या आधी गाडीत बसणार कोण, हे विचारायला विसरू नका. आमच्या घरी ते उत्तर आजी होतं.