एली व्हिटनी

वऱ्हाड-खानदेशात किंवा माळव्यात ज्यांनी कापसाचा हंगाम पाहिला आहे, त्यांना ‘जिन’ हा शब्द परका नाही. ‘एंजिन’ या इंग्रजी शब्दाचेच हे तोडके रूप होय. हा शब्द कानी पडला की आम्हांस एली व्हिटनी या अमेरिकन कारागिराची आठवण होते.

व्हिटनीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडिलांच्या कर्मशाळेत लहानपणीच तो खिळे घडवू लागला. १७९२ मध्ये येल महाविद्यालयाची पदवी घेऊन तो शिक्षकाच्या नोकरीसाठी दक्षिणेकडे निघाला आणि जॉर्जियात कॅथरीन ग्रीन या सेनापतीच्या विधवेच्या मळ्यावर पाहुणा म्हणून राहिला. तेथील आखूड धाग्याच्या कापसाला सरकी इतकी घट्ट चिकटलेली असे की, दिवसभर खपूनही एका माणसाच्या हातून जेमतेम एक पौंड रुई निघे. आपल्या देशातील दोन लाटांच्या चरकीसारखी साधने या कापसापुढे हतबल ठरत. १७९३ साली व्हिटनीने तारांचे दाते बसविलेला लाकडी रूळ तयार केला. दाते अरुंद फटींतून रुई ओढून घेत, सरकी मागे राही व फिरता ब्रश दाते साफ करी. दिवसास ५० पौंड रुई निघू लागली.

यंत्र सोपे होते, आणि हेच त्याच्या कर्त्याचे दुर्दैव! एकदा पाहिले की कोणत्याही लोहारास ते करता येई. १४ मार्च १७९४ रोजी पेटंट मिळाले खरे, परंतु तोवर नकला सुरू झाल्या होत्या. व्हिटनी व त्याचा भागीदार फिनियस मिलर यंत्र विकत नसत. रुई काढून देण्याबद्दल ते शेतकऱ्याकडून दोन-पंचमांश माल मागत. आमच्या मते निम्मी चोरी या हव्यासानेच ओढवून घेतली. त्यात १७९५ साली न्यू हेवनचा कारखाना जळाला. १७९३ च्या कायद्यातील शब्दयोजना सदोष असल्याने १७९७ चा दावाही बुडाला. तो दोष १८०० मध्ये दूर झाला. दक्षिण कॅरोलायनाने ५०,००० डॉलर कबूल केले, पण मध्यंतरी तेही अडवून धरले. निर्णायक निकाल व्हिटनीच्या बाजूने लागेपर्यंत पेटंटची १४ वर्षे सरत आली होती. मुदतवाढीचा त्याचा अर्ज काँग्रेसने १८१२ मध्ये फेटाळला.

या भांडणात ज्यांचे नावही कोणी घेतले नाही, ते गुलाम. यंत्रामुळे कापसाची लागवड फोफावली व मळ्यांवर राबणाऱ्यांची मागणी वाढली. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांवर गेले.

व्हिटनी मात्र १७९८ मध्येच सरकारला १०,००० बंदुका पुरविण्याचा करार करून दुसऱ्या उद्योगास लागला होता, आणि त्यातच त्यास स्थैर्य लाभले. या कारखान्यासाठी त्याने नवी यंत्रे व हत्यारे सिद्ध केली. त्यांपैकी एकासाठीही त्याने पुन्हा पेटंट घेतले नाही. ८ जानेवारी १८२५ रोजी न्यू हेवन येथे त्याचे देहावसान झाले.