अल्बेनियाचा राजा झोग : राज्य आणि निर्वासन

१. प्रस्तावना

चरित्र हा वाङ्मयप्रकार अभ्यासताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. ज्याच्या कर्तृत्वाची आणि अपयशाची मुळे एकाच निर्णयात गुंतलेली आहेत, अशा व्यक्तीचे मूल्यमापन कसे करावे? अल्बेनियाचा राजा पहिला झोग याचे आयुष्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बाल्कन द्वीपकल्पातील एका लहान, डोंगराळ देशाला त्याने आधुनिक राज्ययंत्रणा दिली. मात्र त्या यंत्रणेसाठी लागणारा पैसा त्याने ज्या शेजाऱ्याकडून घेतला, त्याच शेजाऱ्याने पुढे त्याचे राज्य गिळले. त्याने चौदा वर्षे राज्य केले आणि बावीस वर्षे परदेशात काढली. या दोन कालखंडांचा परस्परसंबंध समजून घेणे, हा या पाठाचा हेतू आहे.

२. बालपण आणि उदय

झोगचे मूळ नाव अहमत मुख्तार झोगोल्ली. त्याचा जन्म ८ ऑक्टोबर १८९५ रोजी उत्तर-मध्य अल्बेनियातील मात या डोंगराळ प्रदेशात झाला. त्याचे घराणे तेथील वंशपरंपरागत सरदारांचे होते. आई सादिये ही तोप्तानी या प्रतिष्ठित घराण्यातील होती. त्या काळी अल्बेनिया ऑटोमन साम्राज्याचा भाग होता. सरदारपुत्रांच्या रीतीप्रमाणे अहमतला शिक्षणासाठी इस्तंबूलला पाठवण्यात आले. साम्राज्याची राजधानी आणि स्वतःच्या मुलखातील टोळ्यांचे जीवन यांतील अंतर त्याला लहान वयातच दिसले.

२८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा येथे अल्बेनियाच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या घोषणापत्रावर स्वाक्षरी करणाऱ्यांत सतरा वर्षांचा अहमतही होता. परंतु स्वातंत्र्य जाहीर झाले तरी राज्य उभे राहिले नाही. पहिल्या महायुद्धात निरनिराळ्या सैन्यांनी देशाचे भाग व्यापले. अहमतने ऑस्ट्रिया-हंगेरीची बाजू घेतली. तरीही त्याच्या महत्त्वाकांक्षेविषयी साशंक झालेल्या ऑस्ट्रियाने १९१७ मध्ये त्याला व्हिएन्नाला बोलावून तेथेच अडकवून ठेवले. मोठ्या सत्तांची मैत्री आणि नजरकैद यांत फारसे अंतर नसते, हा अनुभव त्याला तेव्हाच आला. पुढील आयुष्यात तो अनुभव त्याच्या वाट्याला पुन्हा आला.

१९२० मध्ये लुश्न्या येथील परिषदेने नवे सरकार स्थापन केले. त्यात अहमत गृहमंत्री झाला आणि डिसेंबर १९२२ मध्ये पंतप्रधान झाला. याच सुमारास त्याने झोगोल्ली या आडनावातील तुर्की वळण टाकून झोगू हे नाव धारण केले.

३. सत्तेसाठी संघर्ष

फेब्रुवारी १९२४ मध्ये संसदेतच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि तो जखमी झाला. काही आठवड्यांनी अवनी रुस्तेमी या लोकप्रिय विरोधी नेत्याची हत्या झाली. तिचा ठपका झोगवर ठेवला गेला आणि जूनमध्ये उठाव झाला. फान नोली हा ऑर्थोडॉक्स बिशप, कवी आणि अनुवादक सत्तेवर आला. झोग युगोस्लाव्हियात पळाला. नोलीने जमीनसुधारणांचे आश्वासन दिले होते, पण ते पाळण्याइतका पैसा, पाठिंबा व वेळ त्याला मिळाला नाही. डिसेंबर १९२४ मध्ये युगोस्लाव्हियाची मदत आणि भाडोत्री रशियन सैनिक घेऊन झोग परतला. जानेवारी १९२५ मध्ये अल्बेनिया प्रजासत्ताक झाले आणि झोग त्याचा अध्यक्ष झाला. १ सप्टेंबर १९२८ रोजी त्याने राजपद धारण केले.

म्हणजे झोगला सत्ता परत मिळाली ती परकीय बळावर. हा धागा ध्यानात ठेवावा, कारण त्याच्या पुढील सर्व आयुष्यातून तो गेलेला आहे.

४. राज्याची उभारणी आणि तिची किंमत

झोगच्या हाती आलेला देश सुमारे दहा लाख लोकवस्तीचा होता. रेल्वे नव्हती, रस्ते तुरळक होते, बहुसंख्य लोक निरक्षर होते. उत्तरेकडील डोंगरात राज्याच्या कायद्यापेक्षा रक्ताचा सूड घेण्याची परंपरा अधिक प्रबळ होती. झोगने टोळीप्रमुखांना कधी मानमरातब व वेतन देऊन, तर कधी धाक दाखवून ताब्यात आणले. १९२९ च्या नागरी संहितेने विवाह व वारसा हे विषय धर्मसंस्थांकडून काढून राज्याच्या कक्षेत आणले आणि बहुपत्नीत्वाला बंदी केली. १९३७ मध्ये स्त्रियांच्या बुरख्यावर बंदी आली. राजाच्या बहिणींनी आधुनिक पोशाखात जाहीरपणे वावरून या बदलाला आपला आधार दिला.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विरोधकांना तुरुंगवास किंवा देशत्याग यांवाचून पर्याय उरला नाही. संसद होती, पण तिचे स्वातंत्र्य नाममात्र होते. जमीनसुधारणेचा कायदा झाला, तथापि मोठ्या जमीनदारांच्या हितसंबंधांपुढे तो बहुतांशी कागदावरच राहिला.

सर्वांत कठीण प्रश्न पैशाचा होता. १९२५ मध्ये इटालियन भांडवलावर राष्ट्रीय बँक स्थापन झाली आणि पाच कोटी सुवर्ण फ्रँकचे कर्ज घेण्यात आले. १९२६ आणि १९२७ च्या तिराना करारांनी देशाचे संरक्षणही मुसोलिनीच्या इटलीशी बांधले गेले. रस्ते, पूल आणि इमारती उभ्या राहिल्या. त्यांबरोबर इटालियन लष्करी सल्लागारही आले.

झोगला हा धोका कळत नव्हता, असे म्हणता येत नाही. १९३२ मध्ये त्याने इटलीशी जकातसंघ करण्याचा प्रस्ताव नाकारला. पुढील वर्षी खासगी शाळांचे राष्ट्रीयीकरण करून इटालियन शाळा बंद पाडल्या. याचे उत्तर म्हणून जून १९३४ मध्ये इटलीच्या युद्धनौका दुर्रेस बंदरासमोर येऊन उभ्या राहिल्या. झोग लगेच नमला नाही, परंतु रिकाम्या तिजोरीपुढे त्याचा विरोध फार काळ टिकला नाही. १९३६ मध्ये नवे करार झाले.

५. विवाह आणि आक्रमण

२७ एप्रिल १९३८ रोजी झोगचा विवाह हंगेरीतील अपोन्यी या उमराव घराण्यातील जेराल्डिन हिच्याशी झाला. तिची आई अमेरिकन होती. घराण्याची संपत्ती गेल्याने ती बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात नोकरी करत होती. या विवाहात साक्षीदार म्हणून उभा राहिला तो इटलीचा परराष्ट्रमंत्री चानो. अल्बेनिया इटलीला जोडून घेण्याच्या धोरणाचा तोच प्रमुख पुरस्कर्ता ठरला.

मार्च १९३९ मध्ये जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळंकृत केल्यावर इटलीने झोगपुढे संरक्षित राज्याच्या दर्जाच्या अटी ठेवल्या. झोगने त्या मान्य केल्या नाहीत. ५ एप्रिल रोजी राजपुत्र लेकाचा जन्म झाला आणि ७ एप्रिल रोजी इटालियन सैन्य किनाऱ्यावर उतरले. दुर्रेस येथे थोड्या सैनिकांनी व नागरिकांनी शर्थीचा प्रतिकार केला. पण इटालियन सल्लागारांच्या हाताखाली वाढलेले सैन्य संघटितपणे लढू शकले नाही. राणी दोन दिवसांचे मूल घेऊन ग्रीसच्या वाटेला लागली. पाठोपाठ राजानेही देश सोडला. सोबत त्याने सोने आणि मौल्यवान वस्तू नेल्या. संकटाच्या क्षणी प्रजेला सोडून जाण्याचा आरोप त्याच्यावर आयुष्यभर राहिला. थोड्याच दिवसांत अल्बेनियाचा मुकुट इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने स्वीकारला.

६. निर्वासनाची वर्षे

ग्रीस, तुर्कस्तान आणि अन्य देशांतून हे कुटुंब फ्रान्समध्ये आले. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळताच त्यांनी इंग्लंड गाठले. लंडनमधील रिट्झ हॉटेलात आणि नंतर बकिंगहॅमशरमधील पार्मूर हाउस येथे त्यांनी युद्धकाळ काढला. पोलंड, नॉर्वे आदी देशांची निर्वासित सरकारे लंडनमध्ये मान्यता पावली होती. झोगला मात्र ब्रिटनने ती मान्यता दिली नाही. दरम्यान अल्बेनियात एन्व्हर होजाच्या नेतृत्वाखालील साम्यवादी प्रबळ झाले. १९४४ च्या अखेरीस सत्ता त्यांच्या हाती गेली आणि जानेवारी १९४६ मध्ये राजेशाही औपचारिकपणे संपुष्टात आली.

१९४६ मध्ये झोग इजिप्तला गेला. तेथील राजा फारूक याचे घराणे मूळ अल्बेनियन वंशपरंपरेतील असल्याने तेथे त्याला आश्रय मिळाला. शीतयुद्धाच्या प्रारंभी ब्रिटन व अमेरिकेने अल्बेनियात निर्वासितांच्या सशस्त्र तुकड्या गुप्तपणे पाठवल्या. त्यांत झोगची एकनिष्ठ माणसेही होती. त्यांतील बहुतेक पकडली गेली वा मारली गेली. परकीय बळावर सत्ता परत मिळवण्याचा जो मार्ग १९२४ मध्ये यशस्वी झाला होता, तोच आता इतरांच्या प्राणांवर बेतला.

१९५२ च्या क्रांतीने फारूकचे सिंहासन गेले. १९५५ मध्ये झोगने इजिप्त सोडले आणि तो फ्रान्समध्ये राहू लागला. ९ एप्रिल १९६१ रोजी पॅरिसजवळील रुग्णालयात त्याचे निधन झाले. पॅरिसजवळच तिए येथील दफनभूमीत त्याचे दफन झाले.

७. समारोप

राणी जेराल्डिन आणखी चार दशके जगली. जून २००२ मध्ये ती अल्बेनियात परतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिराना येथे निवर्तली. स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या निमित्ताने नोव्हेंबर २०१२ मध्ये झोगचे अवशेष तिरानात आणून पुन्हा बांधलेल्या राजसमाधीत ठेवण्यात आले. त्यापूर्वी १९९७ च्या सार्वमतात राजेशाहीचा प्रस्ताव मात्र फेटाळला गेला होता. देशाने राजाला परत घेतले, राजेशाहीला नाही.

झोगला केवळ हुकूमशहा म्हणणे किंवा केवळ राष्ट्रनिर्माता म्हणणे, दोन्ही अपुरे ठरते. लहान, दरिद्री देशाला कोणाचा तरी आधार घ्यावा लागतो, हे त्याचे गणित सर्वस्वी चुकीचे नव्हते. मात्र परकीय आधाराला तोल देईल अशी स्वतःच्या जनतेची संमती त्याने मिळवली नाही. विरोधकांना दूर सारून त्याने सत्ता सुरक्षित केली. त्यामुळेच परीक्षेच्या दिवशी त्याच्यामागे उभे राहणारे थोडे उरले. चरित्रकाराने गुण आणि दोष यांची केवळ बेरीज-वजाबाकी न करता त्यांतील असा कार्यकारणसंबंध शोधावा, एवढे या चरित्रातून आपण शिकावे.

स्वाध्याय

१. झोगच्या उदयात परकीय मदतीचे स्थान कोणते होते, ते स्पष्ट करा.
२. इटलीच्या कर्जाचे अल्बेनियावर झालेले परिणाम आपल्या शब्दांत लिहा.
३. राजाने देश सोडला, या घटनेचे दोन्ही बाजूंनी मूल्यमापन करा.