धुराड्यांचा पहिला तपासनीस

अंगण झाडण्याआधी आपल्याकडे पाणी शिंपडतात. धूळ पाण्याला धरून बसते, उडून नाकातोंडात जात नाही. पहूरच्या घराघरांत ठाऊक असलेली हीच युक्ती कारखान्यांतही वापरतात. उंच टाकीत वरून पाण्याचा किंवा औषधी द्रावणाचा फवारा सोडायचा आणि खालून दूषित वायू. धूळ आणि विरघळणारे वायू पाण्यासोबत खाली येतात, धुतलेली हवा धुराड्यातून बाहेर पडते. या यंत्राला वेट स्क्रबर म्हणतात.

कारखान्यात काम करणारा रुग्ण खोकला आणि डोळ्यांची आग घेऊन आला, की मी त्याला तिथे स्क्रबर आहे का, हे विचारतो. आहे, असे उत्तर बहुतेक वेळा लगेच येते. त्या दिवशी तो चालू होता का, असे विचारले की मात्र रुग्ण गप्प होतो. या दुसऱ्या प्रश्नासाठी एका माणसाने आयुष्याची वीस वर्षे खर्च केली. त्याचे नाव रॉबर्ट अँगस स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1817 रोजी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या पोलोकशॉज गावी झाला. घरच्यांच्या मनात त्यांनी धर्मोपदेशक व्हावे असे होते. ग्लासगो विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून ते खासगी शिकवण्या करू लागले. पुढे जर्मनीत गीसेन येथे युस्टुस फॉन लीबिग या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे शिकले आणि 1841 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते मँचेस्टरला आले आणि तिथलेच झाले. शेकडो गिरण्यांच्या धुराने काळवंडलेले ते शहर म्हणजे हवेचा अभ्यास करणाऱ्याला चालती प्रयोगशाळाच होती.

त्यांनी पावसाचे पाणी भांड्यांत धरून तपासायला सुरुवात केली. शहरापासून दूर शेतात पडणारा पाऊस वेगळा, उपनगरातला वेगळा आणि भर शहरातला तर चक्क गंधकाम्ल मिसळलेला, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष 1852 मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपण ज्याला आम्लवर्षा म्हणतो, त्याला ते नाव स्मिथ यांनीच दिले. 1872 मध्ये हवा आणि पाऊस या विषयावर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला.

आम्हा डॉक्टरांवरही त्यांचे एक ऋण आहे. अलेक्झांडर मॅक्डूगल यांच्यासोबत त्यांनी कार्बोलिक आम्ल असलेली जंतुनाशक भुकटी तयार केली होती. ती कार्लाइल शहराच्या सांडपाण्यात वापरली जाई. तिथल्या कार्बोलिक आम्लाच्या गुणाची वार्ता ऐकून जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने 1865 मध्ये ते जखमांवर वापरले आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला.

पण स्मिथ यांचे मुख्य काम कारखान्यांच्या धुराड्याशी होते. साबण, काच आणि कापड यांच्या धंद्याला तेव्हा धुण्याच्या सोड्याची प्रचंड गरज होती. तो बनवताना पहिल्या पायरीला मिठावर गंधकाम्ल टाकत आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे. आसपासची झाडे वाळत, पिके करपत, माणसांचे डोळे आणि घसे जळत. शेतकऱ्यांनी कोर्टकज्जे सुरू केले, तेव्हा मालकांनी उंचच उंच धुराडी बांधली. त्यामुळे शेजारच्या शेतातला त्रास दूरच्या शेतात गेला, एवढेच.

उपाय सापडला होता 1836 मध्येच. विल्यम गॉसेज या कारखानदाराने स्टोक प्रायर येथे एका पडक्या पवनचक्कीत झुडपांच्या फांद्या ठासून भरल्या, वरून पाणी झिरपत सोडले आणि खालून वायू नेला. फांद्यांमुळे पाणी पसरले, वायूला भेटायला मोठा ओला पृष्ठभाग मिळाला आणि आम्ल पाण्यात उतरले. आजच्या स्क्रबरमध्ये फांद्यांच्या जागी प्लॅस्टिकची कडी असतात. तत्त्व तेच आहे.

मनोरा हाती असूनही पुढची सत्तावीस वर्षे वायू सुटतच राहिला. पाणी पुरेसे आहे का, भट्टीच्या फटीतून वायू निसटतो का, हे बाहेरून येऊन पाहणारे कोणी नव्हते. अखेर 1863 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला : या वायूचा किमान 95 टक्के भाग अडवलाच पाहिजे. पहिले मुख्य तपासनीस म्हणून स्मिथ यांची नेमणूक झाली. हाताखाली चार सहायक होते.

पोलिसी खाक्यापेक्षा स्मिथ यांनी वैद्याची रीत पत्करली. आधी मोजायचे, मग दोष शोधायचा, मग मालकाला उपाय सांगायचा. कोर्टात खेचणे त्यांना शेवटचा मार्ग वाटे. ते कारखानदारांशी फार मऊ वागतात, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. पण नियमित मोजणी सुरू होताच बहुतेक कारखाने 95 टक्क्यांच्या पुढे गेले. त्यांचे सहायक आल्फ्रेड फ्लेचर यांनी धुराड्यातील वायूचा वेग मोजण्याचे उपकरण बनवले.

मोजता मोजता स्मिथ यांना कायद्यातली उणीवही दिसली. प्रत्येक कारखाना 5 टक्केच सोडत असला, तरी कारखाने वाढले की हवेतले एकूण आम्ल वाढणारच. म्हणून 1874 मध्ये धुराड्यातून निघणाऱ्या प्रत्येक घनफूट वायूत किती आम्ल चालेल, याची मर्यादा ठरली. दुसरी अडचण पाण्याची होती. हवेतून काढलेले आम्ल ओढ्यानाल्यांत गेले, तर रोग फक्त जागा बदलतो. 1876 च्या नदी प्रदूषणविरोधी कायद्याखालीही स्मिथ यांना तपासनीस नेमले गेले. 12 मे 1884 रोजी वेल्समधील कॉल्विन बे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते तपासनीस पदावरच होते.

बरोबर शंभर वर्षांनी, डिसेंबर 1984 मध्ये, भुसावळहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरच्या भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. त्या कारखान्यात स्क्रबर होता, पण तो नेहमीसारखा चालू नव्हता, राखीव अवस्थेत होता. चालू असता तरी एवढा लोंढा अडवण्याइतकी त्याची ताकद नव्हती. हजारो माणसे गेली.

म्हणून स्क्रबरची निगा हा आरोग्याचाच विषय आहे. त्याचीही नाडी पाहता येते. आत शिरताना आणि बाहेर पडताना वायूच्या दाबात किती फरक आहे, ते रोज लिहावे. फरक वाढत गेला, तर आत क्षार साचून वाट तुंबते आहे. अचानक घटला, तर पाणी कमी पडते आहे किंवा आतला थर ढासळला आहे. आम्लवायू धुणाऱ्या द्रावणाचा सामू उतरला, तर त्यातला अल्कली संपत आला आहे. फवाऱ्याची तोंडे बुजतात, पंप झिजतो, वरची थेंब अडवणारी जाळी तुंबते. धुराड्यातून पांढरे लोट निघाले म्हणून घाबरू नये, ती बहुधा वाफ असते. आणि काहीच दिसत नाही म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण हायड्रोक्लोरिक आम्लासारखे वायू कोरड्या हवेत दिसत नाहीत.

असा एक स्क्रबर आपल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे. नाक आणि घशाचे ओले अस्तर पाण्यात विरघळणारे वायू तिथेच अडवते. म्हणूनच अमोनिया किंवा आम्लवायूने आधी नाक आणि घसा जळतो, माणूस सावध होऊन पळतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे कमी विरघळणारे वायू मात्र गुपचूप खोल फुप्फुसात उतरतात आणि काही तासांनी दम कोंडतो. वायूचा झटका बसला, तर मोकळ्या हवेत या, डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवा.

आणि कामावर परतल्यावर स्क्रबरची नोंदवही कुठे आहे, हे विचारा. तिच्यात कालची तारीख आहे का, ते स्वतः पाहा.