जनुकांचा मोजणीदार

परभणीजवळील पेडगावच्या शिवारात रब्बीची ज्वारी निसवली म्हणजे शेजारशेजारच्या ताटांतही भेद दिसून येतो. एकाचे कणीस गच्च, तर दुसऱ्याचे विरळ. एक ताट उंच, तर दुसरे ठेंगणे. हे गुण जनुकांच्या द्वारे पिढ्यानुपिढ्या उतरतात. ताटाच्या मुळात, पानात व दाण्यात जनुके तीच असतात. परंतु कोणत्या जनुकाने कोठे व केव्हा कामाला लागावे आणि कोठे निद्रिस्त राहावे, याचे नियमन पेशीत अखंड चाललेले असते. या नियमनाचा शोध घ्यावयाचा, तर कोणते जनुक कोठे वसले आहे हे कळावे लागते. जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र पुण्यातील गणिताच्या एका प्राध्यापकाने जगाला दिले. ते प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर बालवयातच अमेरिकेस गेले व १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर काशी व अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

गणित हे वहीत कोंडून ठेवण्याची वस्तू आहे, असे त्यांना कधी वाटलेच नाही. प्राचीन नाणी तराजूत तोलून, ती हाताळणीने किती झिजली यावरून त्यांचा काळक्रम लावण्याची रीत त्यांनी बसविली. संख्याशास्त्राची तीच दृष्टी त्यांनी जीवशास्त्राकडे वळविली.

जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर, तितका त्यांची ताटातूट होण्याचा संभव अधिक. याच आधारावर अमेरिकेत स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. परंतु त्यात एक मेख होती. दोन जनुकांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली, तर ती पुन्हा एकत्रच दिसतात आणि अंतर खऱ्याहून कमी भरते. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र काढले. मात्र त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानलेली होती. वस्तुतः एके ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्यास बहुधा अटकाव होतो, आणि जसजसे दूर जावे तसतसा हा अटकाव कमी होतो. कोसंबींनी हा अटकाव हिशेबात धरला व १९४४ साली आपले सूत्र इंग्लंडातील एका नियतकालिकात प्रसिद्ध केले.

शंभर संततींपैकी २० संततींत ताटातूट आढळली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन भरते. कोसंबींच्या सूत्राने ते २१.२ भरते. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणास वाटेल. पण मोजणीदाराची साखळी चुकली, तर बांध शेजाऱ्याच्या शेतात जाऊन पडतो!

१९४५ साली कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे पुण्यातच असल्यामुळे त्यांचा प्रवास डेक्कन क्वीनने होई. १९५६ साली भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ निघाला. त्यांचा प्रत्येकच प्रयत्न सिद्धीस गेला असे नाही. मूळ संख्यांविषयीचा एक अतिकठीण प्रश्न सोडविल्याचा दावा त्यांनी १९५९ साली केला, तो गणितज्ञांनी मान्य केला नाही. १९६२ साली संस्थेतील त्यांचे पदही संपले. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्र त्यांना प्रामुख्याने इतिहासकार म्हणून ओळखतो. ज्वारी, गहू, भात यांच्या जनुकांचे नकाशे आता संगणकावर काढले जातात. त्या वेळी संशोधकापुढे हाल्डेन आणि कोसंबी अशी दोन सूत्रे येतात, आणि त्यांतील एक त्याला निवडावे लागते.