६१ चं कोडं सोडवायला १ अब्ज ७६ कोटींचा आकडा लागतो, तो भास्कराचार्यांनी ११५० सालीच काढला होता

कोडं ऐकायला सोपं आहे. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि १ मिळवा. येणारं उत्तर पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असलं पाहिजे.

६१ च्या जागी ६० असता तर काम पाच मिनिटांचं होतं. ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, त्यात १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतला तरी ८ वर भागतं. पण ६१ ला लागणारी सगळ्यात लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. आणि वर्ग येतो तो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा! सेकंदाला एक याप्रमाणे संख्या तपासत बसलं, तर न झोपता सात वर्षं जातील.

हे उत्तर भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला आणि बीजगणित त्याचाच एक भाग. पुढे ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिला.

आता बीडचा संबंध कुठे येतो? आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं भास्कराचार्यांनीच नोंदवलंय. गावाचं नाव विज्जडविड. काही अभ्यासक म्हणतात की हे विज्जडविड म्हणजेच बालाघाटाच्या पायथ्याचं आजचं बीड. काहींचं बोट चाळीसगावजवळच्या पाटणकडे जातं, तर काहींचं थेट विजापूरकडे. पाटणचं पारडं जड वाटतं ते तिथल्या शिलालेखामुळे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला १२०७ साली तिथे मठ काढला होता. पण नातवाचा मठ म्हणजे आजोबांचं जन्मगाव नव्हे, त्यामुळे बीडचा दावा अजून टिकून आहे.

बरं, एवढा मोठा आकडा हाताने काढला कसा? तर चक्रवाल पद्धतीने. ही युक्ती जयदेव या गणितज्ञाला आधीच माहीत होती, भास्कराचार्यांनी ती नीट मांडली. सुरुवात अगदी छोटी. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. पुढच्याच फेरीत ३९ आणि ५ ही जोडी येते. ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक फक्त ४ चा. फरक ४ वर आला की ब्रह्मगुप्तांची जुनी भावना पद्धत कामाला येते आणि जोड्या एकमेकींत गुंफत २९७१८ आणि ३८०५ पर्यंत पोचता येतं. इथे फरक १ चा, पण उणे बाजूला. हीच जोडी स्वतःशी गुंफली की थेट अब्जाच्या घरात उडी.

१६५७ साली फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना हेच आव्हान दिलं, तेही ६१ घेऊनच. भास्कराचार्यांचं उत्तर तेव्हा ५०७ वर्षं जुनं होतं. इंग्लंडच्या ब्राउंकरने पद्धत शोधली, पण ऑयलरच्या गफलतीमुळे समीकरणाला नाव पडलं पेलचं. आजही पाठ्यपुस्तकांत ते पेलचं समीकरण म्हणूनच छापलं जातं.