मराठीत पुराण लिहिणारा इंग्रज

फादर स्टीफन्स हे नाव आपण सगळ्यांनी मराठीच्या तासाला ऐकलेलं आहे. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या पाठ करायच्या, कवीने मराठीला कोणकोणत्या उपमा दिल्या ते परीक्षेत लिहायचं, गुण मिळवायचे आणि पुढच्या कवितेकडे वळायचं. हा माणूस इंग्रज होता, एवढं बाईंनी सांगितलेलं आठवत असेल. इंग्रज माणूस मराठीत ओव्या कशाला लिहील, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कुणी विचारला नाही. शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी त्या ओव्यांमागच्या माणसाबद्दल लिहिते.

थॉमसचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, विल्टशर परगण्यातल्या बुश्टन नावाच्या खेड्यात झाला. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. शिक्षण विंचेस्टरच्या शाळेत. पण घराणं कॅथलिक वळणाचं, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ते महागात पडत होतं. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक प्रार्थनेला बंदी होती आणि पाद्र्याला घरात आसरा देणं हा गुन्हा होता. थॉमसचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड, एके काळचा दरबारी. दोघं गावोगाव फिरून लपूनछपून आपल्या धर्माच्या लोकांना भेटत. संशय येऊ नये म्हणून आपला थॉमस पाउंडचा नोकर बनून हिंडे. रोमला जाऊन जेझुइट संघात दाखल व्हायचं दोघांनी ठरवलं होतं, पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याची या तुरुंगातून त्या तुरुंगात गेली. थॉमस एकटाच रोमला पोहोचला आणि ऑक्टोबर १५७५ मध्ये जेझुइट झाला.

तिथे शिकत असताना त्याने हिंदुस्थानात जायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा काफिला निघाला. थॉमस तेव्हा तिशीचा होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला आणि पंधरा-वीस दिवसांत त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र उपलब्ध आहे आणि वाचण्यासारखं आहे. त्यात धर्माचा उपदेश फारसा नाही. वारा, पक्षी, मासे आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना आलेली संकटं आहेत. पूर्व-पश्चिम जाताना आपण नेमके कुठे आहोत हे खलाशांना कळत नाही, उत्तर-दक्षिण कळतं, याबद्दल त्याने बारकाईने लिहिलंय. हिरड्या आणि पाय सुजवणाऱ्या रोगाने त्याच्या जहाजावर दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि सत्तावीस मेली. इतक्या लांबच्या सफरीत हा आकडा लोकांना कमीच वाटला, हेही तो सांगतो. आपल्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी परदेशात पोहोचल्यावर घरी पहिला फोन केला असेल, तेव्हा विमानातलं जेवण आणि थंडी याबद्दलच सांगितलं असेल. हे पत्र त्याच जातीचं आहे. फरक एवढाच की याला परतीचं तिकीट नव्हतं. तो पुन्हा इंग्लंडला गेला नाही.

हे पत्र १५९९ मध्ये लंडनला छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. पत्र वाचूनच इंग्रज इकडे आले असं काही जण म्हणतात. मला ती अतिशयोक्ती वाटते, कारण मिरीचा भाव त्यांना पत्राशिवायही ठाऊक होता.

गोव्यात आल्यावर थोड्याच काळात थॉमसला धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली साष्टी तालुक्यात. ही साष्टी म्हणजे मुंबई-ठाण्याची नव्हे, गोव्यातली, मडगावच्या आसपासची. पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, ते प्रामुख्याने तिथेच राहिले. पोर्तुगीज कागदांत त्यांचं नाव तोमास एस्तेव्हाओ असं येतं.

ते पोहोचले तेव्हा साष्टी कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गोव्यात धर्मन्यायालय १५६० पासून सुरू झालेलं होतं. १५६७ मध्ये साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली. गोव्याच्या सहलीत आपण मंगेशीला आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला जातोच. ही दोन्ही दैवतं मूळची फोंड्याची नाहीत. कुशस्थळीहून आणि केळशीहून भक्तांनी ती नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेली. लोकांच्या पोथ्या जप्त होत होत्या, जाळल्या जात होत्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आलं.

म्हणजे आपल्या देशात प्रार्थनेला बंदी म्हणून चोरून फिरणारा तरुण अशा ठिकाणी आला, जिथे दुसऱ्यांच्या प्रार्थनेला बंदी होती आणि ती घालणारी सत्ता त्याच्या बाजूची होती. याबद्दल त्यांना काय वाटत होतं? बंदीविरुद्ध ते उभे राहिले असं कुठे दिसत नाही. त्यांना संत करून टाकणारे लेख मी वाचलेत आणि सरळ आक्रमकांच्या यादीत बसवणारेही वाचलेत. दोन्ही वाचून झाल्यावर त्यांनी प्रत्यक्षात काय केलं तिकडे बघावंसं वाटतं.

पहिलं म्हणजे त्यांनी कान उघडे ठेवले. १५८३ च्या ऑक्टोबरात, कुंकळ्ळीला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी पॅरिसमधल्या आपल्या रिचर्ड या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्यात म्हटलंय. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ ला सांगितलं आणि त्याचं नाव झालं. साष्टीतल्या पाद्र्याला हे साम्य दोनशे वर्षं आधी दिसलं होतं, पण खासगी पत्रातली गोष्ट खासगीच राहिली.

त्याच वर्षाच्या शेवटी राल्फ फिच आणि त्याचे सोबती, असे चार इंग्रज हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्सनी खटपट केली, जामिनाची व्यवस्था होईल असं पाहिलं. हे लोक प्रॉटेस्टंट देशाचे होते, ज्या देशाने त्यांच्या मित्राला तुरुंगात ठेवलं होतं त्या देशाचे. गाववाले म्हणून केलं असणार.

साष्टीतले लोक घरात कोकणी बोलत, आणि पोथी-पुराण ऐकायचं ते मराठीत. कोकणी-मराठीच्या वादात मी पडत नाही, आपल्या ग्रुपवर तेवढ्यावरून दोन दिवस जातील. स्टीफन्स दोन्ही भाषा शिकले. कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, छापलं गेलं. आणि मराठीत ख्रिस्तपुराण रचलं.

या पुराणाची सुरुवातच मोठी बोलकी आहे. पाद्री धर्मशिक्षण देत असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्यासारखं काही आम्हाला का देत नाही? हा प्रसंग खरा घडला की कवीने रचला, कोण जाणे. पण तक्रार खरी होती. ज्यांच्या घरातली पोथी गेली त्यांच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या होत्या. ती तक्रार स्टीफन्सनी लपवली नाही, ग्रंथाच्या दारातच उभी केली. आणि हा ग्रंथ धर्मन्यायालयाच्या परवानगीने छापला गेला!

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. एकूण ओव्या अकरा हजारांच्या आसपास. आरंभी आपल्या पोथ्यांत असतं तसं नमन. स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरलेला. जड मराठी साध्या लोकांना कळणार नाही म्हणून मधूनमधून गोव्याकडचे बोलीतले शब्द. येशू इथे जेजू आहे. मी पहिल्यांदा सलग वाचायला घेतलं तेव्हा पाच-सहा पानांनंतर विसरूनच गेले की हे परक्या माणसाने लिहिलंय. आजीच्या पोथीची चाल लावून वाचता येतं. ओवीचा चौथा चरण आखूड येतो आणि जीभ आपोआप थांबते.

काळ डोळ्यापुढे आणायचा तर आपल्याकडचं पाहा. स्टीफन्स साष्टीत भाषा शिकत होते तेव्हा, १५८४ च्या सुमारास, आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला एकनाथ महाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करत होते. ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये. मलिक अंबरने खडकी वसवली १६१० मध्ये. म्हणजे आपलं शहर आणि हे पुराण वयाने जवळजवळ बरोबरीचे.

आता माझ्या धंद्याशी संबंधित भाग, त्यामुळे इथे थोडं रेंगाळते. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, तमिळ अक्षरांचे खिळेही तयार झाले होते, पण देवनागरीचे नव्हते. स्टीफन्सनी १६०८ मध्ये रोमला जेझुइटांच्या प्रमुखांना पत्र लिहून खिळे पाडायचे साचे करण्याची परवानगी मागितली. अडचण त्यांनी स्पष्ट मांडली होती. या लिपीत युरोपातल्यासारखी सुटी अक्षरं नाहीत, प्रत्येक अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार, म्हणून साधारण सहाशे साचे लागतील. पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असंही त्यांनी कळवलं होतं.

सहाशेचे दोनशे! क, का, कि, की असं प्रत्येकाचं वेगळं चित्र साठवायचं की तुकडे करून जोडायचे, हा तो प्रश्न. माझ्या नोकरीत देवनागरी आली की आजही पहिली तक्रार याचीच येते. पीडीएफमध्ये जोडाक्षर फुटतं, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. युनिकोडने शेवटी तुकडे जोडण्याचाच मार्ग धरला. व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, हलन्त वेगळं, आणि चित्र कसं दिसायचं ते फॉन्टने ठरवायचं. एक माणूस चारशे वर्षांपूर्वी साष्टीत बसून तोच हिशेब करत होता, हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते.

साचे काही झाले नाहीत. मराठी पुराण रोमन लिपीत छापावं लागलं, पोर्तुगीज धाटणीच्या स्पेलिंगात. श साठी एक्स, जसा गोव्यातल्या काही गावांच्या पाट्यांवर अजून दिसतो. देवनागरी खिळ्यांनी मराठी व्याकरण छापलं गेलं ते १८०५ मध्ये, तेही बंगालात श्रीरामपूरला.

स्टीफन्स १६१९ मध्ये गेले, सत्तरीच्या आसपास. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४ ला. चर्चमध्ये ते वाचलं जाई, गायलं जाई. मग वारं फिरलं. ज्यांच्या नावाने आता आपलं शहर ओळखलं जातं ते संभाजी महाराज १६८३ च्या अखेरीस साष्टी-बारदेशात घुसले. त्यांची फौज परतल्यावर काही महिन्यांतच, जून १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. आधी पोथ्या गेल्या होत्या, आता बोलीच बंद करायची होती. स्टीफन्सनी चाळीस वर्षं खर्चून जो पूल बांधला तो त्यांच्याच बाजूच्या लोकांनी निरुपयोगी ठरवला.

हुकमाने बोली मेली नाही. पुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांची मात्र एकही छापील प्रत आज सापडत नाही. ते वाचलं ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नकला जपल्या. त्यांवरून सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. नंतर लंडनमधल्या मार्सडेन यांच्या संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित असल्याचं अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अॅबट यांनी उजेडात आणलं. आणि १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध केलं. छापलेलं मराठी पुराण मराठी अक्षरांत यायला ३४० वर्षं लागली.

गोव्यात पर्वरीला त्यांच्या नावाचं कोकणी केंद्र आहे. मेळाव्यात पुढच्या सहलीसाठी गोव्याचं नाव निघालंच तर बागा-कळंगुटमधून एक सकाळ काढून दक्षिणेला यायला कोण कोण तयार आहे ते ग्रुपवर कळवा. राशोलची सेमिनरी मडगावपासून जवळच आहे, आणि वाटेत मंगेशीही लागते.