विंडोजमधला ‘मंगल’ आणि लिनक्सवरचा ‘रघिंदी’, दोन्हीमागे होते एकच र. कृ. जोशी

वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन ओळखलं जातं ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे. समजा, या गावातल्या एखाद्या दुकानात कुणी विंडोजवर ‘पार्श्वनाथ’ असं टाईप केलं आणि ती फाईल पुण्यात लिनक्सवर किंवा मुंबईत मॅकवर उघडली, तर शब्द तसाच दिसतो. आज यात कुणाला नवल वाटत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मात्र चित्र वेगळं होतं. विंडोज सगळीकडे मिळायचं, मॅक महाग होता, लिनक्स फुकट होतं. पण मराठी माणसाला त्याआधी एक प्रश्न पडायचा, यावर मराठी नीट उमटेल का?

कारण तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे एक जुगाड होता. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. दुसऱ्या मशीनवर तोच फॉन्ट नसला की अर्जाची, पत्रिकेची, बातमीची अगम्य चिन्हं व्हायची.

हे कोडं सोडवणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

जोशींचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये ते कला शिकले आणि पुढे जाहिरात क्षेत्रात गेले. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. ते कवीही होते, अक्षरांच्या आकारातूनच कविता मांडणारे. सुलेखन हा त्यांचा ध्यास होता. १९८३ मध्ये ते आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये शिकवायला आले आणि १९९६ पर्यंत तिथे होते. पुढे त्यांनी मुंबईच्याच एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत काम केलं. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली.

दरम्यान १९९१ मध्ये युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. पण नुसत्या क्रमांकाने देवनागरी उमटत नाही.

‘पार्श्वनाथ’च घ्या. यात ‘र’ आधी टाईप होतो, पण रफार जाऊन बसतो पुढच्या ‘श्व’च्या डोक्यावर. ‘शिरपूर’मध्ये पहिली वेलांटी ‘श’ नंतर साठवली जाते, पण दिसते ‘श’ च्या आधी. कोणतं अक्षर कुठे जोडायचं याचे बरेचसे नियम फॉन्टमध्येच भरावे लागतात आणि ऑपरेटिंग सिस्टीमला ते पाळता यावे लागतात. यालाच ओपनटाईप म्हणतात. इथे कोड लिहिणाऱ्याइतकीच अक्षर वळवणाऱ्याची गरज होती.

जोशींच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० सोबत आला. तमिळचा ‘लता’, गुजरातीचा ‘श्रुती’, पंजाबीचा ‘रावी’, तेलुगूचा ‘गौतमी’, कन्नडचा ‘तुंगा’ यांमागेही तेच होते. पण विंडोज एक्सपीतसुद्धा ही सोय आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून ती बसवावी लागायची.

मग ज्यांना विंडोज परवडत नव्हतं त्यांचं काय? एनसीएसटीमध्येच ‘इंडिक्स’ या प्रकल्पातून लिनक्सवर भारतीय भाषा आणायचं काम चालू होतं. तिथे जोशींच्या टीमने ‘रघिंदी’ हा देवनागरी फॉन्ट केला आणि तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा.

एकीकडे जगातली बलाढ्य कंपनी, दुसरीकडे फुकटची सिस्टीम. दोघांची भांडणं चालू असताना जोशींची अक्षरं दोन्ही घरांत नांदत होती.

५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचं निधन झालं.

आज विंडोजमध्ये ‘मंगल’ची मुख्य जागा ‘निर्मला’ या फॉन्टने घेतली आहे, मॅकवर आणि लिनक्सवरही नवे फॉन्ट आहेत. जुन्या फॉन्टमधल्या फाईली अजून अधूनमधून त्रास देतात. पण आता कुणी कॉम्प्युटर घ्यायला गेलं, तर खिशाला काय परवडतं आणि काम काय आहे एवढंच बघावं. मराठी उमटेल का, हा प्रश्न दुकानदाराला विचारावा लागत नाही.